मेकन, मेम्फिस, मॅडिसन : ओटिस रेडिंगच्या वाटेने

बुधवार, मेकन

ओटिस रेडिंग हे नाव आपल्याकडे ज्यांच्या कानावर आलेले असते, त्यांच्या ते बहुधा एकाच गाण्यामुळे आलेले असते. ‘द डॉक ऑफ द बे’ हे त्याचे गाणे त्याच्या मृत्यूनंतर, जानेवारी १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मार्चमध्ये अमेरिकेतल्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन चार आठवडे तिथेच राहिले. मृत गायकाचे गाणे त्या यादीत पहिले येण्याची ती पहिलीच वेळ होती. गाणे सुंदर आहे, यात वाद नाही. पण त्या गाण्यातल्या, धक्क्यावर निवांत बसलेल्या माणसामागे खरा ओटिस झाकला गेला, असे मला पुष्कळ वर्षे वाटत आले आहे. खरा ओटिस म्हणजे घाम गाळणारा, दुसऱ्याच्या वाद्यातले स्वर स्वतःच्या तोंडाने घडवून देणारा आणि गाण्यांचे हक्क स्वतःच्या कंपनीत ठेवणारा कामकरी गायक. त्याचे काम जिथे जिथे घडले त्या जागा पाहाव्यात, म्हणून ऑक्टोबर २०१९ मध्ये अटलांटाला भाचीकडे गेलो असताना तिला आठवडाभर रजा काढायला लावली.

अटलांटाहून मेकन सुमारे १३५ किलोमीटर दक्षिणेला आहे. रस्ता सरळ आणि कंटाळवाणा; दुतर्फा पाइनची झाडे आणि त्यांच्यावर चढलेला कुडझूचा वेल, एवढेच दिसत राहते. मेकन शहर मात्र पहिल्या दर्शनातच आपला इतिहास सांगू लागते. १९१६ साली बांधलेल्या भव्य रेल्वे स्थानकाच्या दर्शनी भागावर, एका दाराच्या वर, कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या प्रतीक्षागृहाचा उल्लेख दगडात कोरलेला आहे आणि तो मुद्दाम पुसलेला नाही. भाची अमेरिकेत सात-आठ वर्षे राहते आहे, तरी तिने ती अक्षरे दोनदा वाचली.

ओटिसचा जन्म इथला नव्हे. तो ९ सप्टेंबर १९४१ रोजी जॉर्जियाच्या नैर्ऋत्येला डॉसन या गावी जन्मला. वडील बटाईने शेती करत. पुढे कुटुंब मेकनला आले, वडिलांना जवळच्या रॉबिन्स हवाई तळावर काम मिळाले आणि रविवारी ते चर्चमध्ये प्रवचन करू लागले. टिंडल हाइट्स या सरकारी वसाहतीत मुलगा वाढला आणि व्हाइनव्हिल बॅप्टिस्ट चर्चच्या गायनवृंदात गाऊ लागला. ती वसाहत आता पाडून तिथे नवी घरे बांधली आहेत, त्यामुळे तिथे आम्ही गाडीतून उतरलोसुद्धा नाही. वडिलांना क्षयाने गाठले तेव्हा ओटिसने पंधराव्या वर्षी शाळा सोडली. विहिरी खोदणे, पेट्रोल पंपावर काम करणे आणि जमेल तिथे गाणे, असा त्याचा पुढचा काळ गेला.

डग्लस थिएटर मात्र जागेवर आहे. चार्ल्स डग्लस या कृष्णवर्णीय उद्योजकाने १९२१ मध्ये बांधलेले हे नाट्यगृह आपल्या लोकांसाठी होते, कारण शहरातल्या इतर नाट्यगृहांत त्यांना सन्मानाने बसता येत नव्हते. बेसी स्मिथ आणि ड्यूक एलिंग्टन यांच्यासारखे नामवंत कलावंत इथे येऊन गेले. सत्तरच्या दशकात ते बंद पडले आणि १९९७ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उघडले. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस रेडिओ निवेदक हॅम्प स्वेन इथे किशोरांसाठी गायनस्पर्धा भरवीत असे. बक्षीस पाच डॉलर. ओटिसने मेकनच्याच लिटल रिचर्ड या रॉक अँड रोल गायकाच्या ढंगात गाऊन ते बक्षीस लागोपाठ पंधरा आठवडे जिंकले आणि मग त्याला स्पर्धेत उतरण्यास मनाई झाली. बक्षिसाची रक्कम ऐकून भाची हसली, पण विहीर खोदणाऱ्या मुलाच्या घरी आठवड्याला पाच डॉलर ही हसण्यासारखी रक्कम नव्हती. याच स्पर्धेत जॉनी जेंकिन्स नावाच्या गिटारवादकाने त्याला ऐकले, याच्या मागे वाजवणारे कच्चे आहेत असे ठरवले आणि स्वतः साथीला उभा राहिला. ती ओळख पुढे कामी आली.

संध्याकाळी ओकमल्गी नदीकाठी गेलो. नदीवरच्या पुलाला १९७४ मध्ये ओटिसचे नाव दिले आहे आणि काठावरच्या छोट्या बागेत गिटार घेऊन बसलेला त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. पुतळा चांगला आहे, पण बसलेला आहे. पुन्हा तोच धक्क्यावरचा माणूस. रंगमंचावर क्षणभर एका जागी न ठरणाऱ्या, पाय आपटत गाणाऱ्या माणसाचे असे शिल्प करताना शिल्पकारालाही त्या एका गाण्याचा मोह आवरला नसावा.

गुरुवार, राउंड ओक आणि पुढे

सकाळी कॉटन ॲव्हेन्यूवरच्या ओटिस रेडिंग फाउंडेशनच्या कचेरीत गेलो. ओटिसची पत्नी झेल्मा हिने २००७ मध्ये ही संस्था स्थापन केली आणि मुलगी कार्ला ती चालवते. पुढच्या खोलीत छायाचित्रे आणि तबकड्या मांडून लहानसे संग्रहालय केले होते, पण संस्थेचा खरा भर मुलांना गाणी लिहायला आणि बसवायला शिकवणाऱ्या शिबिरांवर आहे. स्मारकापेक्षा शाळेवर खर्च करण्याचा हा विचार मला आवडला.

मेकनमध्ये ओटिसला भेटलेला दुसरा महत्त्वाचा माणूस फिल वॉल्डन. हा गोरा मुलगा इथल्याच मर्सर विद्यापीठात शिकत होता आणि विद्यार्थ्यांच्या पार्ट्यांसाठी कृष्णवर्णीय वाद्यवृंद ठरवून देण्याचा धंदा करत होता. ज्या शहरात दोघांना एका टेबलावर बसून जेवणे कठीण होते, तिथे तो ओटिसचा व्यवस्थापक झाला. मध्ये त्याला लष्करी सेवेसाठी जावे लागले तेव्हा त्याचा भाऊ ॲलनने कारभार सांभाळला. रेडिंग आणि वॉल्डन या दोन आडनावांचे तुकडे जोडून त्यांनी ‘रेडवॉल’ ही गाण्यांचे प्रकाशनहक्क सांभाळणारी कंपनी काढली. त्या काळी अनेक कृष्णवर्णीय गायक आपल्या गाण्यांचे हक्क एखाद्या गाडीच्या किमतीत विकून टाकत किंवा त्यांच्याकडून ते काढून घेतले जात. चोविशी-पंचविशीतल्या ओटिसने स्वतःची प्रकाशन कंपनी ठेवली, ही गोष्ट त्याच्या आवाजाइतकीच लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्या कमाईतून त्याने मेकनच्या उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर, राउंड ओक येथे सुमारे ३०० एकर जमीन घेतली आणि तिला ‘बिग ओ रँच’ असे नाव दिले. बटाईदाराचा मुलगा जमीनमालक झाला, गुरे पाळू लागला, दौऱ्यावरून आला की घोड्यावर बसून रपेट मारू लागला. ओटिसचे दफन याच जमिनीत झाले आहे. ती खाजगी मालमत्ता आहे, तिथे झेल्माचे घर आहे, त्यामुळे आम्ही आत जाण्याचा विचारही केला नाही. मोठ्या रस्त्यावरून गाडी हळू चालवत पुढे गेलो. उंच पाइन, तांबडी माती, मधूनच कुंपणाच्या तारा, यापलीकडे सांगण्यासारखे काही दिसले नाही. झेल्माविषयी मात्र एक गोष्ट सांगायला हवी. नवरा दौऱ्यावर असताना तिने लिहिलेल्या कवितेवरून ‘आय हॅव गॉट ड्रीम्स टू रिमेंबर’ हे गाणे तयार झाले आणि गीतकार म्हणून तिचे नाव तबकडीवर छापले गेले. हे गाणेही बाहेर आले ते तो गेल्यावर, १९६८ मध्ये.

उरलेला दिवस गाडीत गेला. अटलांटा आणि बर्मिंगहॅम ओलांडून अलाबामाच्या वायव्य कोपऱ्यापर्यंत साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास अंतर होते. अलाबामात शिरताना घड्याळ एक तास मागे जाते, म्हणून जेवणाच्या वेळेत पोहोचलो.

शुक्रवार, मसल शोल्स

टेनेसी नदीकाठच्या या लहान गावात साठच्या दशकात अमेरिकेतले काही उत्तम सोल संगीत, म्हणजे चर्चमधल्या गायनातून वाढलेले कृष्णवर्णीयांचे लोकप्रिय गाणे, ध्वनिमुद्रित झाले, हे गाव पाहून खरे वाटत नाही. ॲव्हलॉन ॲव्हेन्यूवरच्या फेम स्टुडिओची इमारत एखाद्या मध्यम आकाराच्या दुकानासारखी दिसते. मालक रिक हॉल जानेवारी २०१८ मध्ये वारला आणि इथला जुना गिटारवादक जिमी जॉन्सन आम्ही पोहोचण्याच्या महिनाभर आधीच गेला होता, त्यामुळे स्टुडिओ दाखवणाऱ्याच्या बोलण्यात त्याचा उल्लेख वारंवार येत होता. वादक जवळजवळ सगळे गोरे, गायक कृष्णवर्णीय, आणि दाराबाहेर वंशभेदाचा कट्टर समर्थक गव्हर्नर जॉर्ज वॉलेस याचे अलाबामा राज्य. आत काम करणाऱ्यांना मात्र टेक नीट येतो की नाही याचीच चिंता.

ओटिस इथे आला तो मुख्यतः दुसऱ्याला गाववून घेण्यासाठी. आर्थर कॉन्ली या तरुण जॉर्जियन गायकाला त्याने हाताशी धरले होते. सॅम कुक या नामवंत गायकाच्या एका गाण्याच्या चालीवर दोघांनी नवे शब्द बसवले आणि जानेवारी १९६७ मध्ये फेममध्ये, ओटिसच्या देखरेखीखाली, ‘स्वीट सोल म्युझिक’ तयार झाले. ते अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. ओटिसच्या स्वतःच्या आवाजातले एकही गाणे त्याच्या हयातीत इतके वर गेले नव्हते. सॅम कुकच्या बाजूने हक्काचा प्रश्न उभा राहिल्यावर श्रेयात कुकचेही नाव आले. मला यात दोन्ही बाजू दिसतात: कुक हा ओटिसचा आदर्श होता आणि त्याची चाल उचलणे ही वंदना होती, पण स्वतःच्या हक्कांबाबत इतक्या दक्ष असलेल्या माणसाने ते श्रेय आधीच द्यायला हवे होते.

दुपारी मेम्फिसकडे निघालो. बहात्तर क्रमांकाच्या महामार्गाच्या कडेला कापसाची बोंडे फुटून शेते पांढरी झाली होती आणि काही शेतांत यंत्राने वेचणी चालू होती. मिसिसिपीतले कॉरिंथ मागे टाकून अंधार पडताना मेम्फिसला पोहोचलो.

शनिवार, मेम्फिस

प्रवासाचा गाभा हाच दिवस होता, त्यामुळे त्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

ईस्ट मॅक्लेमोर ॲव्हेन्यूवर क्रमांक ९२६ येथे कॅपिटॉल नावाचे चित्रपटगृह होते. बँकेत नोकरी करणारा आणि हौसेने फिडल वाजवणारा जिम स्टुअर्ट व त्याची थोरली बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनी १९६० मध्ये ते भाड्याने घेऊन त्याचा स्टुडिओ केला. दोघांच्या आडनावांची पहिली दोन-दोन अक्षरे जोडून ‘स्टॅक्स’ हे नाव झाले. पैसे नसल्यामुळे प्रेक्षागृहाची उतरती जमीन सपाट केली गेली नाही. खुर्च्या काढल्या, घरी शिवलेले जाड पडदे टांगले, जिथे पडदा होता त्या मंचावर नियंत्रणकक्ष थाटला. खाऊच्या टपरीच्या जागी एस्टेलने तबकड्यांचे दुकान मांडले. वस्तीतली मुले तिथे काय विकत घेतात आणि कोणत्या तबकडीवर पाय थिरकवतात याकडे तिचे बारीक लक्ष असे आणि ती माहिती ती आत स्टुडिओत पोहोचवीत असे.

स्टॅक्स डिसेंबर १९७५ मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि मूळ इमारत १९८९ मध्ये पाडण्यात आली. आज जे उभे आहे ते त्याच जागी २००३ मध्ये उघडलेले संग्रहालय आहे. बाहेरून हुबेहूब जुने थिएटर, आत पहिल्याच दालनात मिसिसिपीतल्या डंकन गावाहून उचलून आणलेले लाकडी चर्च. सोल संगीत कुठून आले हे फलकावर लिहून सांगण्याऐवजी त्यांनी अख्खे प्रार्थनागृहच आणून ठेवले, ही कल्पना मला फार पटली. त्याउलट स्टॅक्सचा गायक आयझॅक हेज याची सोन्याने मढवलेली कॅडिलॅक मोटार सर्वांत जास्त गर्दी खेचत होती. भाचीनेही तिचेच फोटो अधिक काढले.

स्टुडिओची प्रतिकृती पाहिली तेव्हा मी तिथे बराच वेळ रेंगाळलो. जमीन तशीच उतरती ठेवली आहे. चालताना टाचा नकळत दाबल्या जातात आणि उभे राहिले की शरीर किंचित मागे रेलते. समांतर भिंती आणि सपाट जमीन नसल्यामुळे इथल्या आवाजाला एक विशिष्ट खोली येत असे. वादक एकमेकांपासून दूर, गायकासकट सगळे एकाच वेळी वाजवणार, चुकले तर पुन्हा पहिल्यापासून. अल जॅक्सनचा ड्रमवरचा ठोका अगदी किंचित उशिरा पडतो आणि त्याला धरून स्टीव्ह क्रॉपरची गिटारही तेवढीच मागे राहते, हे १९६५ नंतरच्या स्टॅक्सच्या गाण्यांत नीट ऐकले तर कळते. लय सुटत नाही, पण ओढून धरलेली असते.

या खोलीत ऑक्टोबर १९६२ मध्ये जॉनी जेंकिन्सचे ध्वनिमुद्रण ठरले होते. जॉनीकडे वाहन चालवण्याचा परवाना नव्हता, म्हणून मेकनहून गाडी चालवत ओटिस आला. बुकर टी. अँड द एमजीज हा स्टुडिओचा वाद्यवृंद जॉनीबरोबर तासन् तास खटपट करत राहिला, पण मनासारखे काही जमेना. सत्र संपण्याच्या सुमारास ड्रायव्हरला एकदा गाऊ द्या, असा लकडा लागला. ओटिसने आधी लिटल रिचर्डच्या ढंगाचे एक जलद गाणे गायले; ते कोणाला विशेष वाटले नाही. मग त्याने स्वतः रचलेले ‘दीज आर्म्स ऑफ माइन’ हे संथ गाणे धरले. नेहमीचा गिटारवादक क्रॉपर या वेळी पियानोवर होता. एकेक शब्द धरून ठेवणारा, विनवणारा तो आवाज लिटल रिचर्डचा नव्हता, कोणाचाच नव्हता. ते गाणे स्टॅक्सच्या ‘व्होल्ट’ या शाखेने काढले. ते देशाच्या मुख्य यादीत १९६३ मध्ये जेमतेम ८५ व्या क्रमांकापर्यंत गेले, पण नॅशव्हिलच्या रेडिओवरून रात्री दक्षिणेत दूरवर ऐकू जाणाऱ्या जॉन आर. या निवेदकाने ते लावून धरले आणि ते खपत राहिले. तिथपासून डिसेंबर १९६७ पर्यंतची पाच वर्षे आणि काही आठवडे, एवढीच ओटिसची कारकीर्द.

त्या पाच वर्षांत त्याने काय केले हे समजायचे तर ब्रासकडे, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यांकडे, कान द्यावा. ओटिसच्या बहुतेक गाण्यांत मागे गाणारा कोरस नाही. त्याच्या जागी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन आहेत आणि ते पोवाड्यातल्या झीलकऱ्यांसारखे शाहिराचा शब्द उचलून धरतात, त्याला पुढे ढकलतात, मध्येच टोकतात. या ओळी तो कागदावर लिहून देत नसे. वेन जॅक्सन आणि अँड्र्यू लव्ह यांच्यासमोर उभा राहून, मुठी वळून, तो त्या तोंडाने गाऊन दाखवत असे आणि त्याला हव्या तशा वाजेपर्यंत सोडत नसे. ‘फा-फा-फा-फा-फा’ या गाण्याचे नाव त्याच सवयीतून आले आहे: ब्रासची ओळ तोंडाने म्हणता म्हणता तीच गाण्याचा मुखडा झाली. १९६६ मधल्या ‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’ मध्ये हे सगळे एका जागी ऐकायला मिळते. मूळ गाणे १९३२ सालचे, हळुवार, मैफलीतले. इथे ते जवळजवळ कुजबुजत सुरू होते, मग अल जॅक्सन ड्रमच्या काठावर नुसती टिकटिक धरतो, ऑर्गन आणि ब्रास चढत जातात आणि शेवटी गाण्यात शब्द उरतच नाहीत, नुसते हुंकार आणि धापा उरतात. हा आवेग उत्स्फूर्त वाटतो, पण त्याची चढण पायरी पायरीने बांधलेली आहे.

‘ओटिस ब्लू’ हा त्याचा सर्वांत भरीव संग्रह याच खोलीत जुलै १९६५ मध्ये जवळजवळ एका दिवसरात्रीत झाला. सकाळी काम सुरू झाले. रात्री वादकांना क्लबमध्ये वाजवायला जायचे होते म्हणून थांबले. मध्यरात्रीनंतर सगळे परत आले आणि सकाळपर्यंत उरलेली गाणी पुरी केली. काही महिन्यांपूर्वी, डिसेंबर १९६४ मध्ये, सॅम कुक गोळी लागून मेला होता. त्याची तीन गाणी या संग्रहात आहेत. रोलिंग स्टोन्सचे ‘सॅटिस्फॅक्शन’ क्रॉपरने सुचवले. ओटिसला ते धड ठाऊकही नव्हते, शब्दांची त्याने पर्वा केली नाही आणि मूळची गिटारची ओळ ब्रासच्या हवाली केली. ‘रिस्पेक्ट’ हे त्याचे स्वतःचे गाणे याच संग्रहातले. त्याच्या तोंडी ते राबून घरी आलेल्या पुरुषाची मागणी आहे. १९६७ मध्ये अरीथा फ्रँकलिनने तेच गाणे बाईच्या बाजूने गायले आणि ते कायमचे तिचे झाले. स्टॅक्सपासून चालत जाण्याच्या अंतरावर लुसी ॲव्हेन्यूवर अरीथा जन्मली ते छोटे घर आहे. दुपारी तेही बाहेरून पाहून आलो. एका मुलीने आपल्याकडून हे गाणे नेले, असे ओटिस नंतर रंगमंचावरून कौतुकाने सांगत असे. माझे मत विचाराल तर अरीथाचे रूपांतर अधिक थोर आहे, आणि गीतकार म्हणून याने ओटिसचे काहीच कमी होत नाही.

दुपारचे जेवण ‘द फोर वे’ मध्ये झाले. १९४६ पासून चालू असलेल्या या खानावळीत स्टॅक्सचे लोक जेवत आणि मार्टिन ल्युथर किंगही जेवून गेलेले आहेत. तळलेली कोंबडी, शिजवलेली कोलार्डची पालेभाजी, मक्याचा पाव. भाजी आमच्या घरच्या चवीपेक्षा पुष्कळ आंबट आणि मिळमिळीत लागली. कोंबडीविषयी तक्रार नाही.

रविवार, मेम्फिस

सकाळी लॉरेन मोटेल पाहिले. १९६८ च्या ४ एप्रिलला किंग यांची हत्या जिथे झाली ते हे ठिकाण आता राष्ट्रीय नागरी हक्क संग्रहालयाचा भाग आहे, आणि त्या इतिहासावर एका परिच्छेदात काही लिहिणे बरे नव्हे. इथे एवढेच नोंदवतो की मेम्फिसमध्ये गोरे आणि कृष्णवर्णीय एकत्र बसू शकतील अशा मोजक्या जागांपैकी ही एक असल्यामुळे स्टॅक्सचे लोक इथे नेहमी असत. उन्हाळ्यात स्टुडिओ तापला की इथल्या पोहण्याच्या तलावावर येत आणि याच खोल्यांत बसून क्रॉपर आणि गायक एडी फ्लॉइड यांनी ‘नॉक ऑन वुड’ लिहिले.

भाचीने विचारले, “मामा, ओटिस जगला असता तर ही कंपनी बुडाली नसती का?” याला उत्तर नाही, पण बुडण्याची एक कारणपरंपरा माहीत आहे. स्टॅक्सच्या तबकड्या न्यूयॉर्कची अटलांटिक कंपनी वितरित करत असे. १९६५ मध्ये जिम स्टुअर्टने जो करार नीट न वाचता सही करून दिला, त्यात वितरित झालेल्या सर्व ध्वनिमुद्रणांच्या मूळ फितींची मालकी अटलांटिककडे जाईल असे कलम होते. अटलांटिक विकली गेल्यावर, १९६८ मध्ये ते उघड झाले. ओटिस गेला, पाठोपाठ त्याने स्टॅक्सच्या स्टुडिओत केलेले काम कंपनीच्या हातून गेले आणि त्याच वसंतात किंग मारले गेले. यानंतरही स्टॅक्स सात वर्षे तगली, हेच विशेष.

सोमवार, मॅडिसन

शिकागोत विमान बदलून विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन गाठली. वाटेत भाचीला १९६७ साल सांगत होतो, कारण ते साल कळल्याशिवाय या शहराचा अर्थ लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये स्टॅक्सचे कलावंत युरोपच्या दौऱ्यावर गेले, लंडनमध्ये बीटल्सनी त्यांच्यासाठी मोटारी पाठवल्या आणि आपल्याला दूरदेशी इतके लोक ओळखतात हे त्या वादकांना पहिल्यांदाच समजले. जूनमध्ये कॅलिफोर्नियात मॉन्टेरेचा महोत्सव झाला. १७ तारखेच्या रात्री, पावसाची भुरभुर चालू असताना, हिरव्या सुटातला ओटिस अखेरचा गायक म्हणून मंचावर आला आणि प्रामुख्याने गोऱ्या, लांब केसांच्या तरुण श्रोत्यांसमोर फक्त पाच गाणी गाऊन गेला. ऑगस्टमध्ये सॉसलिटोच्या किनाऱ्यावर एका होडीघरात राहत असताना त्याला ‘डॉक ऑफ द बे’ चा आरंभ सुचला. शरद ऋतूत घशातल्या गाठींची शस्त्रक्रिया झाली, काही आठवडे बोलणेही बंद होते. त्या वर्षी लंडनच्या ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकाच्या वाचकांनी एल्व्हिस प्रेस्लीच्या जागी त्याला जगातला पहिला गायक ठरवले. नोव्हेंबरच्या अखेरीस आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो मेम्फिसमध्ये झपाटल्यासारखा ध्वनिमुद्रण करत होता.

‘डॉक’ चेही घडणे त्याच जातीचे आहे. ओटिस गिटारच्या तारा मोकळ्या सोडल्या तरी एक पूर्ण मेजर कॉर्ड, म्हणजे उजळ वाटणारा स्वरसमूह, वाजेल अशा लावत असे आणि एकच बोट आडवे सरकवून गाणी रचत असे, त्यामुळे त्याच्या हाताखाली उदास वाटणारी मायनर कॉर्ड सहसा येतच नसे. उदासवाणे शब्द आणि खालून एकामागून एक मेजर कॉर्ड, हा त्या गाण्याचा विलक्षण परिणाम या साध्या सवयीतून आलेला आहे. जिम स्टुअर्टला ते स्टॅक्सच्या वळणाचे वाटले नव्हते. लाटा आणि समुद्रपक्ष्यांचे आवाज क्रॉपरने नंतर भरले, कारण तोवर गायक उरला नव्हता.

रविवार, १० डिसेंबर १९६७. आदल्या दिवशी क्लीव्हलंडमध्ये दूरचित्रवाणीवर गाऊन ओटिस आणि बार-केज हा त्याच्या साथीचा तरुण वाद्यवृंद मॅडिसनला निघाले. बीचक्राफ्ट विमान ओटिसने स्वतः विकत घेतले होते. धुके आणि पाऊस होता. दुपारी साडेतीनच्या सुमारास, धावपट्टी काही किलोमीटरवर राहिली असताना, विमान मोनोना तलावात कोसळले. ओटिस २६ वर्षांचा होता. त्याच्यासह सात जण गेले. बार-केजमधले चौघे तर नुकतेच शाळेतून बाहेर पडलेले होते. ट्रम्पेटवादक बेन कॉली एकटा वाचला. त्याला पोहता येत नव्हते. आसनाची गादी छातीशी धरून तो बर्फगार पाण्यात तरंगत राहिला. बास वाजवणारा जेम्स अलेक्झांडर विमानात जागा नसल्यामुळे दुसऱ्या विमानाने येणार होता, म्हणून वाचला. अपघाताचे कारण निश्चित झाले नाही.

तलावाकाठी, फ्रँक लॉइड राइटच्या आराखड्यावरून बांधलेल्या मोनोना टेरेसच्या गच्चीवर स्मृतिफलक आहे. वारा इतका बोचरा होता की फलक वाचून होताच भाची आत पळाली. त्या रात्री ‘द फॅक्टरी’ नावाच्या क्लबमध्ये कार्यक्रम होता आणि ओटिसच्या आधी वाजवणाऱ्या स्थानिक वाद्यवृंदाचे नाव, योगायोगाने, ‘द ग्रिम रीपर्स’ म्हणजे यमदूत असे होते. या योगायोगावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि मला ते सगळे लेखन थोडे स्वस्त वाटते. दफनाआधीचा विधी १८ डिसेंबरला मेकनच्या सिटी ऑडिटोरियममध्ये झाला, तिथे सुमारे साडेचार हजार लोक जमले. तांब्याच्या घुमटाची ती इमारत आम्ही बुधवारी बाहेरून पाहिली होती.

मंगळवार, मॅडिसन

परतीचे विमान दुपारचे होते, म्हणून सकाळी स्टेट स्ट्रीटवरच्या तबकड्यांच्या दुकानात गेलो. भाचीने नुकताच रेकॉर्ड प्लेअर घेतला आहे आणि तिच्याकडे ओटिसची एकही तबकडी नाही. तिने आपसूक निवडक गाण्यांचा संग्रह उचलला, ज्याच्या पहिल्याच बाजूला ‘डॉक ऑफ द बे’ होते. मी तो परत ठेवायला लावला आणि ‘ओटिस ब्लू’ शोधून दिला. आधी ते ऐक, मग १९६६ चे ‘डिक्शनरी ऑफ सोल’, त्यानंतर मॉन्टेरेचे पाच गाण्यांचे ध्वनिमुद्रण, आणि ब्रास काय करतो आहे ते दर वेळी मोजून ऐक. ‘डॉक’ सगळ्यांत शेवटी लाव, असे तिला सांगितले. ती म्हणाली, “मामा, तुम्ही तर अभ्यासक्रमच दिलात,” आणि तबकडीचे पैसे माझ्याकडून घेतले.